पाच वर्षांचं चाक

प्रयोगशाळेत पाऊल टाकताच इर्शाद मुकादमांची नजर ऋजुताबाईंच्या अंगठ्यावर गेली. नवी कोरी पट्टी.

"पुन्हा? ताई, लाकूड कापायचं असतं, बोट नव्हे."

"चाकाचा दात कोरत होते. तेवढ्यात फोन खणखणला. कुठल्या तरी राज्यात कुठल्या तरी मंत्र्याने कुठला तरी कायदा गुंडाळला म्हणे. छिन्नी हातात ठेवूनच वाचायला गेले आणि झालं!" ऋजुताबाई वैतागल्या होत्या. "आता मला सांगा, त्या बातमीचं मी काय करू? लोणचं घालू?"

ऋजुता टिपणीस मेंदूशास्त्रज्ञ आणि इर्शाद गणिती. दोघंही खाडीनगरच्या मनोविज्ञान संस्थेत. पण बाईंचा खरा जीव घरच्या गॅलरीत अडकलेला. तिथे सागवानी चाकांचं एक कालयंत्र उभं राहायचं होतं. चंद्राच्या कला दाखवणारं, खाडीची भरती-ओहोटी सांगणारं. 'राहायचं होतं' असंच म्हणायला हवं, कारण दर दाताला एक बातमी आणि दर बातमीला एक उसासा. अशाने चाकं कधी फिरतात का? बाई काळजीने पोखरल्या होत्या आणि सागवान उन्हात वाकत होतं.

त्या लोणच्यातूनच वार्ताबंधारा निघाला.

"कल्पना साधी आहे," इर्शाद फळ्यापाशी उभे राहिले. "प्रत्येक बातमीसाठी माणसाचा कर्तृत्वांक काढायचा. म्हणजे, ही बातमी कळल्यावर या माणसाने हातपाय हलवले तर घडणाऱ्या गोष्टीत किती फरक पडेल? उद्या पाणी येणार नाही, ही बातमी तुमच्या कामाची, बादल्या भरून ठेवाल. ती लगेच कानात. दूरच्या मंत्र्याचा कायदा? तुमचा अंक जवळजवळ शून्य. ती बंधाऱ्यामागे अडवायची."

"आणि पुढे माझ्या हातात काही आलं तर?"

"अंक चढला की दार आपोआप उघडेल. आणखी एक पद घातलंय मी सूत्रात. ती गोष्ट किती जणांना ठाऊक आहे? दहा जण ओरडत असले तर अकराव्याच्या ओरडण्याला किंमत येते. म्हणून माहितगार वाढले की अंकही वाढतो."

"हे मात्र शहाणपणाचं केलंत," ऋजुताबाई म्हणाल्या.

केलं होतंच शहाणपणाचं. नगरपालिकेला तर बंधारा इतका आवडला, की तिने घरोघरी कर्णिका वाटल्या. शेंगदाण्याएवढं यंत्र, कानात बसवलं की कामाची बातमी सांगणार आणि कुणाला काय ठाऊक आहे तेही बोलण्यावरून टिपणार. फोनवरच्या बातम्या आणि वर्तमानपत्रं आपोआप बंद पडली, चौकातले फलकही उतरले. आणि काय सांगू, शहर फुललं! कुणी गच्चीवर मधमाश्या पाळल्या, कुणी होड्या बांधल्या. ऋजुताबाईंच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणाऱ्या लोटलीकर काकूंनी सत्तरीत तबला धरला. पहिले काही महिने तो ऐकवत नव्हता, पुढे ऐकावासा वाटू लागला. त्या ठेक्यावर बाईंची छिन्नी चालायची. अंगठा शाबूत राहिला आणि चाकामागून चाक तयार झालं.

चंद्राचं झालं, भरतीचं झालं. मग बाईंच्या मनात आलं, आणखी एक चाक करावं, पाच वर्षांत एकच फेरा घेणारं. नगरपालिकेच्या निवडणुकीचं. त्यांचे वडील प्राथमिक शिक्षक. मतदान केंद्रावर लोकांच्या बोटांना शाई लावायला बसत आणि घरी येत ते स्वतःचेच हात रंगवून. आई साबण घेऊन दारात उभी. त्या आठवणीसाठी हा सगळा खटाटोप. फेरा पुरा झाला की छोटी पितळी घंटा वाजायची होती.

चाक लावायचं तर सुरुवातीची तारीख हवी. ती सोपी होती. मागच्या खेपेला मत देऊन बाई तडक वखारीत गेल्या होत्या, शाईच्या बोटाने फळ्या निवडल्या होत्या आणि वखारवाल्याने फळीवर पेन्सिलीने तारीख टाकली होती. चाक त्या तारखेवर लावून त्या दांडा फिरवू लागल्या. चंद्र वाढले, चंद्र घटले, भरत्या आल्या आणि गेल्या. बाई लहान मुलीसारख्या रंगून गेल्या होत्या.

आणि घंटा वाजली.

तारखेचा काटा आजच्या तारखेवर यायला अजून सहा-सात महिने बाकी होते. म्हणजे चाकाच्या हिशेबाने पाच वर्षं केव्हाच सरली होती.

'दात चुकले,' बाई पुटपुटल्या. त्यांनी दात मोजले. बरोबर. पुन्हा मोजले. पुन्हा बरोबर. मग त्या खुर्चीत बसल्या आणि आपल्या बोटाकडे बघू लागल्या. या वर्षी बोटाला शाई लागलीच नव्हती. मुख्य म्हणजे, ती लागली नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं!

बाईंनी तडक संस्था गाठली आणि इर्शादनी बंधाऱ्यामागचा साठा उघडून पाहिला. आजवर कुणी पाहिला नव्हता. चालतंय ना, मग कशाला उपसायचं?

"आहे," ते हळूच म्हणाले. "'नगरपालिकेच्या सदस्यांना पुढील आदेशापर्यंत मुदतवाढ.' स्वतःच स्वतःला दिलेली. साऱ्या शहरासाठी अडलेली आहे."

"मेल्यांनी बंधाऱ्यात ढवळाढवळ केली?"

"तेच तर! कुणी हातसुद्धा लावलेला नाही. गणित चोख आहे. एकट्या माणसाला मुदतवाढ रोखता येते का? नाही. मग प्रत्येकाचा अंक शून्य. म्हणून कुणालाच कळलं नाही. कुणालाच ठाऊक नाही, म्हणून माझं ते शहाणपणाचं पदही शून्य. म्हणून अंक चढतच नाही. शहरातला प्रत्येक जण एकेकटा मोजला आपण, ताई."

"आणि निवडणुकीला उभे राहणारे?"

"तेही एकेकटेच. जे खुर्चीत आहेत त्यांना ठाऊक असेल, पण ते कशाला बोंब मारतील?"

"दार उघडा मग."

"मला साठा फक्त वाचता येतो. दाराची किल्ली नगरपालिकेकडे आहे."

ऋजुताबाईंना हसू आलं आणि लगेच रडूही आलं. आपण केलं काय हे! मग त्यांनी डोळे पुसले. "इर्शाद, तोंडी सांगितलेल्या गोष्टीला बंधारा आहे?"

"नाही. पण सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा..."

"घंटा आहे माझ्याकडे," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

घराच्या वरच्या मजल्यावर, लोटलीकर काकूंच्या दारात मात्र त्यांचे पाय अडखळले. आत तीनताल छान रंगला होता. हा मोडायचा? या बाईची झोप उडवायची, जशी आपली उडत होती? क्षणभर वाटलं, परत फिरावं. कोरायचं चाक आहे, बरं चाललंय. मग त्यांनी बेल दाबली.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या भडकल्या. "हे मला कशाला सांगतेस गं? मी म्हातारी एकटी काय करणार?"

"आमचं यंत्रही अगदी हेच म्हणत होतं, काकू."

काकूंनी तबल्यावर झाकण घातलं. "शेजारच्या फडणिसांना सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग उभी काय राहिलीस? चपला कुठे गेल्या माझ्या?"

दोघी जिने चढल्या, उतरल्या. फडणीस आधी हसले, मग पुढच्या इमारतीत गेले. मधमाश्यांवाला आपली जाळीची टोपी न काढताच खाली आला. होडीवाले धक्क्यावर पोचले. संस्थेच्या गल्लीत इर्शाद हिंडत होते. दिवेलागणीला बाई पायऱ्यांवर टेकल्या, तेव्हा त्यांच्या कानात हलकेच टिंग झालं आणि बंधाऱ्याचा गोड आवाज आला:

"ही बातमी आता तुमच्या कामाची आहे. नगरपालिकेच्या सदस्यांना पुढील आदेशापर्यंत मुदतवाढ..."

समोरच्या गॅलरीत एकाने कानाला हात लावला. मग खालच्या गॅलरीत एकीने. मग रस्त्याच्या टोकापर्यंत माणसं कानाला हात लावून थबकली आणि एकमेकांकडे बघू लागली.

"अगं, ही तर तूच सांगितलेली!" काकू म्हणाल्या.

"हो. पण आता तिचं काहीतरी करता येईल."

सकाळी सगळे नगरपालिकेवर जायचे होते. काय होईल कुणास ठाऊक. बाई गॅलरीत आल्या, छिन्नी घेतली आणि पाच वर्षांच्या चाकावरची घंटेची खुंटी काढून थोडी अलीकडे बसवू लागल्या, पुढच्या खेपेला ती वेळेआधी वाजावी म्हणून. वर तबला पुन्हा सुरू झाला. ठेका जरा चुकत होता, पण चालू होता.