कर्नाळ्याच्या चढावर

दोन सीटांची ती जुनी लाल स्पोर्ट्स कार अंकिताने सुकापूरच्या गॅरेजात आणली, तेव्हा मेकॅनिक दीपेशला त्यात जगावेगळं काही वाटलं नाही. चौथ्या गिअरच्या वर या गाडीला ओव्हरड्राइव्ह हा जादा गिअर होता. डॅशवरचा खटका दाबला की तो लागायचा आणि इंजिनाचा आवाज खाली यायचा. आता तो आपसूक लागत होता, एवढीच तक्रार.

गाडी तिच्या नवऱ्याची, मितेशची. दिवाळीनंतर तो एकटाच फेरी मारायला गेला. गाडी कर्नाळ्याच्या चढावर सापडली, तो आजतागायत सापडला नाही. गाडी विकायची आणि करंजाड्याचं घर सोडून माहेरी जायचं, असं तिने ठरवलं होतं.

दीपेशने वायर तपासली. शॉर्ट नव्हती. व्हॉल्व्ह मोकळा, तेल स्वच्छ. भर दुपारी तो गाडी घेऊन निघाला. पळस्प्यापासून ती गुमान चालली. चढ लागला आणि आवाज खाली आला. खटक्याला त्याने बोटही लावलं नव्हतं.

परत येऊन त्याने ओव्हरड्राइव्ह लावणारं विजेचं चुंबकच काढून बाजूला ठेवलं. आता तो लागणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी खात्री पटवायला त्याने अंकिताला शेजारी बसवलं.

चढावर आवाज खाली आला. गाडीत लवंगेचा वास पसरला, कुणीतरी अगदी जवळून श्वास सोडल्यासारखा.

अंकिता समोर बघत राहिली. “लवंग चघळत मितेश इथेच लावायचा. चढावर इंजिनाला रडवू नये म्हणायचा.”

दीपेशने गाडी वळवली. गॅरेजात पोचताच त्याने किल्ली काढून मुठीत धरली.

“ताई, ही कुनाला इकू नका. मोडीत काढा.”

“किल्ली द्या. एकदाच जाऊन येते.”

त्याने परोपरीने समजावलं. तिने हात पुढेच धरून ठेवला.

उन्हं कलली तरी ती आली नाही. फोन लागेना. दीपेश मोटारसायकल काढून निघाला.

गाडी चढाच्या कडेला उभी होती. इंजिन चालू. दारं बंद.

त्याने आत वाकून पाहिलं. गाडी चौथ्या गिअरमध्ये होती. चालू इंजिनावर, गिअरमध्ये, ती जागच्या जागी उभी होती.

त्याने अंकिताला हाका मारल्या. झाडीतून काही आलं नाही.

किल्ली फिरवायला त्याने हात आत घातला आणि तसाच थांबला.

दोन्ही सीटांचे पट्टे लावलेले होते. रिकाम्या सीटांपासून वीतभर पुढे, छातीच्या उंचीवर, ताणलेले.