मळेकरीण नावाचं खातं

शेवंतीची फुलं संध्याकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, की पहाटे बाजाराला जाईपर्यंत टवटवीत राहतात. त्या दिवशी मी तेच करत होते. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात शेवंतीचा भर होता आणि सगळ्या ओसरीत तिचा कडवट वास भरून राहिला होता. काम झालं, हात पुसले आणि सवयीने मोबाईल उघडला. अंजलीताईंच्या ब्लॉगवर नवा लेख आला होता. त्याखाली पहिलाच प्रतिसाद मळेकरणीचा होता.

मळेकरीण म्हणजे मी. आणि मी तो लिहिला नव्हता.

आधी हे नाव कुठून आलं ते सांगते. अंजलीताई गंगापूर रोडला राहतात, झाडाफुलांवर लिहितात. त्यांचा ब्लॉग वाचायची मला आणि माझ्या धाकट्या जावेला, शुभांगीला, गोडी लागली. प्रतिसाद द्यायचा तर खातं हवं. घरच्या सुनांची नावं चारचौघांत वाचली गेलेली सासूबाईंना खपली नसती. म्हणून दोघींत मिळून एकच खातं काढलं, माझ्या मोबाईलवर, 'मळेकरीण' या नावाने.

"ताई, कुनी इचारलं मळेकरीण कोन, तर वो?" शुभांगीने विचारलं होतं.

"तर मी म्हनंन मी, तू म्हन तू," मी हसून म्हटलं होतं.

ते हसू फार दिवस टिकलं नाही. मी काही लिहिलं की अंजलीताईंचं उत्तर यायचं, 'धन्यवाद.' शुभांगी भांडी घासून यायची, ओल्या बोटाने टकटक करत चार ओळी लिहायची आणि खाली वाचकांची रीघ लागायची. 'मळेकरीण, तुमचा प्रतिसाद लेखाहून सुंदर!' नाव दोघींचं, कौतुक तिचं एकटीचं. ती दहावी नापास, मी बारावी झालेली. सांगायला लाज कशाला बाळगू, माझा नुसता जळफळाट व्हायचा. चार्जिंग नाही असं सांगून मी कितीदा तिला मोबाईल दिलाच नाही.

श्रावणात ती तापाने गेली. तीन दिवसांत सगळं आटोपलं.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. पिंड मांडला, पण कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर कावळे ओळीने बसले होते, एकही खाली उतरेना. दिरांनी तिच्या पोरीला शिकवायचं कबूल केलं. सासूबाईंनी पदर पसरला. "शुभांगे, तुझ्या मनात काय राह्यलं आसंल ते आमी करू गं बाई..." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मनीषा, तुला काय बोलली व्हती का ती?"

बोलली होती. तापात माझा हात धरून म्हणाली होती, "ताई, एकदा अंजलीताईंना सांगा ना... ते मी लिहायची." एवढंच हवं होतं तिला. मी मनातल्या मनात नुसतं 'सांगते' म्हटलं असतं, तरी कावळा उतरला असता.

"नाय बाई, मला काय नाय ठाऊक," मी म्हटलं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. वाटेत मला वाटत होतं, आता हे नाव माझं एकटीचं.

म्हणून त्या संध्याकाळी तो प्रतिसाद दिसला तेव्हा भीती वाटली ती नंतर. आधी पोटात दुखलं. शेवंती खुडताना बोटांना लागलेला कडूपणा भाकरी थापताना पिठात उतरतो, आणि लेक म्हणते, आई, तुझ्या भाकरीला मळ्याचा वास येतो. असं काहीतरी लिहिलेलं होतं. मला दहा जन्मांत सुचलं नसतं. खाली वीस जणांनी वाहवा केली होती. मेल्यावरसुद्धा हिचंच!

मी पासवर्ड बदलला. पुढच्या लेखाखाली पुन्हा मळेकरीण हजर. काल दुपारी मोबाईल कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. दिवेलागणीला वीज गेली. विहिरीवरची मोटार बंद पडली, तसं सगळं एकदम गप्प झालं. मी कंदील लावून ओसरीत बसले होते. आणि कपाटातून आवाज आला. टक... टक टक... एका बोटाने, अडखळत. बराच वेळ तो थांबला नाही.

मी कुलूप काढलं. मोबाईलच्या काचेवर पाणी होतं.

तेव्हा ठरवलं, सांगून टाकू. लिहायला घेतलं. 'मळेकरीण ही एक बाई नाही. आम्ही दोघी जावा आहोत, शुभांगी आणि मनीषा. चांगलं लिहायची ती...' इथे बोट थांबलं. मनच होईना. चांगलं लिहिणारी गेली असं सांगितलं, तर उद्यापासून मला कोण विचारणार? शेवटचं वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, 'आम्हा दोघींतली एक आता नाही. दुसरी लिहीत राहील.' कोण गेली ते लिहिलंच नाही. तसंच पाठवून दिलं.

मोबाईल माझ्या हातातच होता. माझ्या डोळ्यांदेखत खाली त्याच नावाने दुसरा प्रतिसाद उमटला.

'गेल्या त्या माझ्या मोठ्या जाऊबाई, मनीषाताई. मी शुभांगी. मी लिहीत राहीन.'

खोटं आहे म्हणून लिहायला गेले, तर पासवर्ड चुकीचा दाखवू लागलं. पुन्हा घातला. पुन्हा चुकीचा. तोवर श्रद्धांजल्या यायला लागल्या होत्या. अनोळखी माणसं माझं नाव घेऊन हळहळत होती... आणि खरं सांगते, मी एकेक मन लावून वाचत होते. तिथे माझं नाव कुणी पहिल्यांदाच घेतलं होतं.

मग अंजलीताईंनी लिहिलं, 'शुभांगीताई, फार वाईट वाटलं. मनीषाताईंचे प्रतिसाद कुठले, ते मला ओळखू यायचं. साधेच असायचे, पण मनापासून. त्यांना हे सांगायचं मात्र राहून गेलं.'

साधेच! भीती कुठल्या कुठे गेली, अंगाची नुसती लाही झाली. माझ्या मरणाच्या बातमीखालीही ही बाई मला साधंच म्हणते! मी दात-ओठ खात ती ओळ पुन्हा वाचत होते, तेवढ्यात तिच्याखाली मळेकरणीचं उत्तर आलं.

'परवा येतील त्या माझ्याकडे. तेव्हा सांगते.'