डोलीचा खडा

ओझ्याच्या दगडावर माणसानं बसायचं नसतं, हे उमरठच्या वाटेवर दूधपित्या पोरालाही ठाऊक. पण त्या दिवशी तिथं एक माणूस खुशाल पाय सोडून बसला होता. अंगात खाकी कोट, पायात बूट, आणि मांडीवर उघडं फडकं. फडक्यात नदीतले खडे.

तुळसा त्याच्यासमोर येऊन थांबली. डोक्यावर हिरड्याचं पोतं, मान ताठ, कपाळावर घाम. पोलादपूरच्या बाजाराला उतरायचं तर विसाव्याची ही एकच जागा. छातीइतका उंच, माथ्यावर सपाट असा तो दगड जुन्या लोकांनी उभा केला होता. उभ्याउभ्या ओझं टेकवावं, श्वास घ्यावा आणि कुणाची वाट न बघता पुन्हा डोक्यावर घ्यावं. जमिनीवर ठेवलेलं ओझं एकट्या बाईला उचलवत नाही.

"पावणं, उतरा," ती म्हणाली. "दगड ओझ्याला हाय, माणसाला नाय."

तो गडबडीनं उतरला. फडकं सावरू की हिला मदत करू, अशा घोटाळ्यात त्यानं पोत्याला हात घातला... आणि पोतं थेट मातीत गेलं.

दोघंही त्या पोत्याकडे बघत राहिली.

"झालं मनासारखं?" तुळसा म्हणाली. "आता लावा हात."

त्या वाटेवर कुणी 'हात लावा' म्हटलं की नाही म्हणायची रीत नव्हती, मग समोर वैरी का असेना. त्यानं हात लावला. पोतं वर चढताना दोघांचे चेहरे एका वितीवर आले. तो धापा टाकत होता आणि तरीही हसत होता. तुळसानं नजर वळवली खरी, पण जरा उशिराच.

तिनं आता चालू लागायला हवं होतं. त्याऐवजी तिनं पोतं दगडावर टेकवलं आणि खड्यांचं काय ते विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. नाव रावजी. गाव खाली सावित्रीकाठी. दहा वर्षं मुंबईत एका शेठच्या गाड्या हाकल्या. शेठ आता धंदा आवरत होता, आणि चाकरीची बिदागी म्हणून दोन गाड्यांतली एक घेऊन जा म्हणाला होता. एक कापडी टपाची मोटार, गुबगुबीत बैठकीची. दुसरी लॉरी, पुढं दोघांची फळी आणि मागं नुसता उघडा हौदा. शिमग्यापर्यंत काय ते कळवायचं होतं. ह्या डोंगरात कुठली गाडी चालेल, हे मुंबईत बसून कसं कळणार? म्हणून तो सकाळपासून इथं बसला होता. मोकळा माणूस गेला की खडा डाव्या खिशात, ओझ्याचा बैल गेला की उजव्या. जो खिसा जड होईल, ती गाडी.

"आन् माणसाच्या डोक्यावर ओझं असलं तर?"

"दोनी खिशांत एकेक."

"म्हंजे मी आले काय, न आले काय... सारखंच."

तो ओशाळला. मग कोटाच्या वरच्या खिशावर हात ठेवून हळूच म्हणाला, "तुमचा इथं टाकलाय. तो मोजणीतला नाय."

तेवढ्यात वरच्या वळणावरून हाक आली, "डोली... वाट द्या!"

चौघे जण येत होते. खांद्यावर लांब कळकाचा दांडा, दांड्याला बांधलेली झोळी, आणि झोळीत घोंगडीखाली एक म्हातारी. डोली दिसली की वाटसरूनं पुढच्या ओढ्यापर्यंत तरी खांदा द्यायचा, हाही तिथला रिवाज. पुढचा दांडा मात्र घरच्यांचाच. परक्यानं मागं लागायचं. रावजी न सांगता मागं लागला आणि उतारावर दिसेनासा झाला.

बाजाराला उशीर होत होता, तरी तुळसा तिथंच उभी राहिली.

तो घामाघूम होऊन परत आला. हातात एक खडा होता. "ह्यो कुठं टाकू?" तो म्हणाला. "डोलीतल्या आजीला माणूस मोजू, का ओझं?"

तुळसा दगडाच्या पायथ्याकडे बघत होती. "माझ्या बाला असंच नेत होते," ती म्हणाली. "इथं डोली टेकवली, पानी पाजायला. मंग पुन्हा उचलायची घाईच उरली नाय."

तिनं त्याच्या हातातून खडा घेतला आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. "राहूदे माझ्याकडं. कळलं की सांगते."

कळायचं काय होतं? आडव्या माणसाला गुबगुबीत बैठक काय करायची? त्याला पाठ टेकायला जागा लागते. तुळसाला ते तिथंच, त्याच क्षणी कळलं होतं. पुढच्या बाजाराला सांगू, असं तिनं ठरवलं.

पुढच्या बाजाराला ती विसरली. त्याच्या पुढच्या बाजारालाही. मोजणी तर कधीच संपली होती, पण रावजी दर आठवड्याला दगडापाशी हजर असे. तो तिला मुंबईचा समुद्र सांगे. ती त्याला कुठल्या झाडाचा हिरडा जड भरतो, ते सांगे. एकदा तिनं पोतं न टेकवताच पुढं निघून जायचं सोंग केलं, तर तो दहा पावलं नुसता मागून चालला... एक शब्द न बोलता. अकराव्या पावलाला तिलाच हसू आलं. तुळसाचा जीव त्याच्यावर जडला होता आणि तिनं ते स्वतःशी कबूलही करून टाकलं होतं.

आई-बापामागं तुळसाला वाढवलं ते तिच्या चुलत्यानं, हैबतीनं, आणि प्रयागबाई काकीनं. फाल्गुनात रावजीचा थोरला भाऊ रीतसर मागणी घालायला हैबतीच्या ओटीवर येऊन बसला. मुलगा निर्व्यसनी, घर बरं, कूळ जुळणारं. हैबतीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली.

"मोटार आणली तर पोर तुमची. लॉरी आणली तर नाय. माझ्या भावाची लेक कोळसा-हिरडा वाहणाऱ्याच्या घरात दिली, असं उद्या लोकांनी म्हणाया नको."

माणूस दुष्ट नव्हता. मेलेल्या भावाच्या पोरीचं काही कमी केलं, हा बोल त्याला नको होता, इतकंच. पण हैबतीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या बाजाराला रावजी गंभीर होता. "उजवा खिसा जड झालाय गो," तो म्हणाला. "ओझीच ओझी. मन लॉरी म्हनतंय. पण लॉरी घेतली तर तू... तूच सांग, काय करू?"

पदराची गाठ तिच्या मुठीत होती. तिनं ती सोडून खडा त्याच्या हातावर ठेवला असता, तर तो काय समजायचं ते समजला असता. तुळसानं मूठ आवळली.

"काकांचं ऐका," ती म्हणाली.

पाडव्याला मोटार आली. महाबळेश्वरचा घाट उतरून पोलादपूरच्या वडाखाली उभी राहिली, तेव्हा सगळा बाजार गोळा झाला. हैबती नवं पागोटं बांधून पुढच्या बैठकीवर बसला आणि महाडपर्यंत जाऊन आला. तो इतका खुशीत होता की लोकांनी त्याला त्याबद्दल आठवडाभर चिडवावं. वैशाखातली तिथी धरली. प्रयागबाई हळदीचं बघू लागली. तुळसाला सुख बोचत होतं. वाटेवर एखादी डोली दिसली की ती खाली बघून चालायची.

चैत्र सरता सरता प्रयागबाई शेत भाजायच्या राबाचा भारा घेऊन बांधावरून उतरताना घसरली. कमरेखाली मांडीचं हाड मोडलं.

चौघांनी डोली पोलादपूरला आणली, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रावजी मोटारीचं दार उघडून उभाच होता. महाड सहा कोस. मोटारीला किती वेळ लागणार? सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता... आणि मग तिला आत ठेवायला गेले.

पाय वाकवता येत नव्हता. एका दारातून सरकवली, तर पाय बाहेर राहिले. तिरकी ठेवून बघितली, तर मान मोडायला लागली. जन्मात आवाज न चढवलेली प्रयागबाई अशी ओरडली, की वडाखालची माणसं पाठमोरी झाली.

"काढा बाहेर," हैबती म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "दांडा घ्या."

सहा कोस खांद्यावरून. पुढं हैबती आणि त्याचे भाऊबंद, मागं मिळेल तो. रावजीनं मोटार वडाखालीच सोडली आणि मागचा दांडा घेतला. तुळसा पाण्याची लोटी घेऊन बाजूनं चालत होती. वाटेत माणसं बदलली, रावजी बदलला नाही. त्याच्या कोटाच्या खांद्यावर रक्ताचा डाग उमटलेला तिला दिसला.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. इतक्या हळू, की फक्त त्यालाच ऐकू जावं. "त्या दिवशी खडा कुठं टाकायचा, ते मला तिथंच कळलं व्हतं. मी बोलले नाय. तुमी हवे होता मला. म्हणून बोलले नाय."

रावजीनं दांडा खांद्यावर सरकवला. "मलाबी ठाऊक व्हतं," तो म्हणाला. "मी तुला कशाला विचारलं, माहीत हाय? तू 'लॉरी' म्हणणार नाय म्हणून."

दिवस मावळता मावळता ते महाडच्या दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी हाड बसवलं, पाय फळीला बांधला. महिनाभर आडवंच राहायचं, घरी नेतानाही आडवंच न्यायचं. फार वेळ गेला होता, त्यामुळे पाय किंचित आखूड राहील, असंही त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावजी दवाखान्याच्या ओसरीवर हैबतीसमोर उभा राहिला. तुळसा खांबाआड होती.

"हैबतीकाका, मोटार कापतोय मी," तो म्हणाला. "मागची बैठक काढून हौदा बसवतो."

"आन् माझा शब्द?"

"तो तुमचा हाय. मागं घ्या, असं मी म्हणणार नाय. पण मोटार कापणार."

हैबतीनं मान दुसरीकडे फिरवली. रावजी वाकून पाया पडला आणि निघून गेला. जाताना त्यानं खांबाकडे बघितलं. तुळसा रडत होती, आणि रडता रडता तिनं होय म्हणून मान हलवली. ह्या होकाराची किंमत काय, ते तिला कळत होतं. ह्या खेपेला तिनं कळून दिला होता.

महाडातल्या एका लोहारानं आणि सुतारानं मिळून मोटारीचा मागचा भाग कापला. टप गेला, बैठक गेली. तिथं सागवानी फळ्यांचा हौदा बसला. त्याची लांबी रावजीनं फुटपट्टीनं घेतली नाही. डोलीचा दांडा आणून ठेवला आणि म्हणाला, एवढा. लोक हसले. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागला, म्हणाले. वैशाखातली तिथी आली आणि मांडव न पडताच गेली. हैबती त्या दिवशी जेवला नाही, असं तुळसाला मागाहून कळलं. ती दवाखान्यात काकीच्या उशाशी होती. काकीनं तिचा हात धरून ठेवला होता आणि दोघींनीही तिथीचं नाव काढलं नाही.

प्रयागबाईला घरी न्यायच्या दिवशी रावजी न बोलावता गाडी घेऊन आला. हौद्यात भाताचा पेंढा, वर घोंगडी. तिला डोलीसकट उचलून आत ठेवली. दांडा बरोब्बर बसला. हैबती चढला आणि बायकोच्या उशाशी बसला. पलीकडे तुळसा. रावजीनं गाडी इतकी जपून हाकली, की अर्ध्या वाटेत काकीला डोळा लागला. हैबती ते बघत होता. झोपलेल्या बायकोचा चेहरा बघत होता आणि हौद्याच्या फळीवरून पुन्हापुन्हा हात फिरवत होता.

पोलादपूरला गाडीची वाट संपली. तिथून वर पुन्हा खांदेच. पुढं हैबती आणि भाऊबंद. रावजी न सांगता मागं लागला.

ओझ्याच्या दगडापाशी त्यांनी डोली टेकवली. हैबतीच्या भावाची डोली टेकली होती, तिथंच. काकीला तुळसानं पाणी पाजलं. हैबती दगडावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग डोली उचलायची वेळ झाली तसा तो पुढं न जाता मागं आला आणि रावजीच्या हातातला दांडा त्यानं आपल्या खांद्यावर घेतला.

"तू पुढं लाग," तो म्हणाला.

रावजीला कळलंच नाही. "पुढचा दांडा घरच्याचा असतो ना, काका?"

"म्हणून तर सांगतोय."

झोळीतून प्रयागबाईचं हुंदका गिळल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. रावजी पुढं गेला. त्यानं दांडा खांद्यावर घेतला, तसे त्याचे दोन्ही हात अडकले.

तुळसा त्याच्यासमोर आली. तिनं सगळ्यांदेखत पदराची गाठ सोडली. इतक्या दिवसांची गाठ, लवकर सुटेना. खडा निघाला, तेव्हा तो घामानं काळवंडला होता.

"ह्यो आता ठरला," ती म्हणाली, आणि तिनं तो त्याच्या कोटाच्या वरच्या खिशात टाकला.

आत खट्‌कन आवाज झाला. खाली तिचा खडा अजून तिथंच होता.