लॉटीच्या नावाचा भोपळा

मळ्यावरून दोन भोपळे आणायचे, एक लॉटीचा आणि एक ट्रूडीचा, एवढंच काम होतं. ट्रूडी म्हणजे शेजारच्या मर्नाची मुलगी. मर्नानं सुपाचं पातेलं शेगडीवर ठेवलं आणि आपल्या गाडीची किल्ली कॉरिनच्या हातात जवळजवळ कोंबली.

"जा बाई, जरा वारा लागू दे तोंडाला. अकरा दिवस कोंडून घेतलंयस स्वतःला. मी बसते लॉटीपाशी. आणि आमच्या कार्टीचाही घेऊन ये, नाहीतर डोकं खाईल माझं."

"तिनं डोळे उघडले तर..."

"तर आई भोपळा आणायला गेलीय म्हणून सांगेन. खूश होईल."

अकरा दिवस लॉटीचा ताप उतरला नव्हता. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली आणि शेवटी घरी घेऊन जा म्हणाले. ते ज्या आवाजात म्हणाले, त्यावरून कॉरिन काय ते समजली. सात वर्षांची पोर, गादीत बुडून गेली होती. तिच्या तोंडून एकदा, फक्त एकदा "आई" अशी हाक ऐकू यावी, यापलीकडे कॉरिनला आता काही नको होतं.

एमॉस हाल्डमनचा मळा गावाबाहेर नदीच्या वळणावर आहे. मका कापून झाला होता, रानात नुसते खुंट उभे होते, आणि बदकांचे थवे ओरडत दक्षिणेला चालले होते. दरवर्षी जुलैत, फळ मुठीएवढं आणि हिरवं असताना, शाळेतली मुलं रांगेनं या मळ्यात येतात आणि एमॉस खिळ्यानं एकेकाचं नाव सालीवर ओरखडतो. फळ वाढतं तशी जखम भरते, अक्षरं फुगतात, आणि ऑक्टोबरात भोपळ्यावर जाड, खडबडीत नाव उठलेलं असतं. ज्याचा भोपळा धड त्याचा हिवाळा धड, असं लोक म्हणतात. म्हणतात हसत हसत, पण पोराचा भोपळा उलटा करून बूड तपासल्याशिवाय कुणी घरी नेत नाही.

कॉरिनला पाहून एमॉसनं डोक्यावरची टोपी काढली.

"आज हिव पडणार. बरं झालं आलीस. तुझ्यासाठी एक नंबरी भोपळा काढून ठेवलाय बघ. देठ हिरवा, टिचकी मारली की ढोलासारखा वाजतो."

"मला नावाचा हवाय. लॉटीचा."

म्हातारा टोपीशी चाळा करत राहिला. "तो... हरणांनी खाल्ला गं."

कॉरिन याच गावात वाढली होती. एमॉसची हरणं कुठले भोपळे खातात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती वेलींमधून घुसली. एमॉस मागून हाका मारत आला, पण तिला गाठायला त्याचे गुडघे साथ देईनात.

भोपळा कुंपणाच्या कडेला होता. केशरी, डौलदार, वर सरळ अक्षरात लॉटीचं नाव. तिला हसूच आलं. तिनं नख दाबून पाहिलं, साल टणक होती. मग टिचकी मारली. ओल्या उशीवर मारावी तसा आवाज आला. तिनं तो उलटा केला आणि तिचा हात मनगटापर्यंत आत गेला. बूड काळं पडून पाणी झालं होतं. त्याचा वास तिच्या ओळखीचा होता. सकाळी लॉटीची उशी बदलताना हाच वास आला होता.

"यावर काहीतरी असेलच ना, एमॉस? तुमच्या वॉल्टरच्या वेळी... तुम्ही काय केलंत?"

वॉल्टर म्हणजे एमॉसचा एकुलता एक मुलगा. त्याला जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

"एक गोष्ट सोडून सगळं केलं," एमॉस म्हणाला, आणि बोलता बोलता त्याची नजर शेजारच्या वेलीवर गेली. ती जायला नको होती.

तिथं ट्रूडीचा भोपळा होता. वजनदार, कुठं डाग नाही, बूड कोरडं.

"नको, कॉरिन..."

"तुम्ही का नाही केलंत?"

"ज्याचं नाव होतं, त्या पोरालाही आई होती. आणि आता होतं का काही? जखम भरते ती जुलैत. आता ओरखडलंस तर नुसतं पाणी सुटेल आणि सडेल."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. कॉरिनच्या हातात काडीही नव्हती, मर्नाच्या गाडीची किल्ली होती. चिखलात गुडघे टेकून तिनं त्या किल्लीनं ट्रूडीचं नाव खरवडून काढलं, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि तिथंच वाकडंतिकडं लॉटीचं नाव कोरलं. सालीतून पाणी झिरपत होतं. ती सारखी "देवा, माफ कर" म्हणत होती आणि हात थांबवत नव्हती. एमॉस पाठ करून उभा राहिला. भोपळा देठाला धरून उचलायचा नसतो. तिनं तो दोन्ही हातांनी पोटाशी घेतला, पोर घ्यावं तसा.

घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. गाडीचा आवाज ऐकून मर्ना हातातलं फडकं उडवत पायऱ्या उतरून धावली.

"उतरला! ताप उतरला गं! तासाभरापूर्वी घाम फुटला आणि बया उठून बसली. सूप प्यायली, बोलत नाही अजून, पण बघतेय टुकूटुकू!"

कॉरिन मर्नाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

"पुरे आता. आमचा भोपळा कुठाय?"

"तो... हरणांनी खाल्ला."

"मेली हरणं! रडून घर डोक्यावर घेईल आता पोरगी. अर्थात जागी झाली तर. सासूचा फोन आला होता, तासाभरापासून झोपलीय म्हणे, हाकेला ओ देत नाही. खेळून दमली असणार."

"तू जा, मर्ना," कॉरिन म्हणाली. "लवकर जा."

मर्ना शाल गुंडाळून अंगणातून आपल्या घराकडे निघाली. कॉरिननं गाडीतला भोपळा आणून पायरीवर ठेवला. नाव भिंतीकडे करावं म्हणून तिनं हात लावला, आणि हात तिथंच थांबला. पाणी नव्हतं. अक्षरं कोरडी होती, फुगलेली, जाड, खडबडीत. जुलैपासून तिथंच असावीत तशी. तिनं नखानं खरवडलं, किल्लीनं खरवडलं, पण साल किल्लीला दाद देईना. ट्रूडीच्या नावाची खूणही कुठं उरली नव्हती.

वरची खिडकी उघडली.

"आई!"

खणखणीत हाक. अकरा दिवसांनी. कॉरिन सगळं विसरली आणि हात वर करून अंगणात धावली. "आले गं, आले माझी राणी!"

लॉटी खिडकीत उभी होती. गाल गुलाबी, केस विस्कटलेले. पण ती कॉरिनच्या डोक्यावरून पलीकडे बघत होती.

"आई, थांब ना! मला न घेताच कुठं चाललीस?" तिनं मग खाली पाहिलं आणि शहाण्या मुलीसारखं, अदबीनं म्हणाली, "कॉरिन काकू... तिला थांबवा ना."

पलीकडे, कुंपणापाशी पोचलेली मर्ना थबकली. आणि मागं वळून न बघताच, रोजच्या सवयीनं ओरडली,

"आले गं, ट्रूडी!"