सान रोक्कोच्या भिंतीपलीकडे

हे मी मनाने रचलेलं नाही. आमच्या मोंतेलानात कुणालाही विचारा. १७ जुलै २००९, शुक्रवार. तारीख सगळ्यांना पाठ आहे.

फक्त शेवटचा भाग कुणाला माहीत नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही.

आमचं गाव इटलीत, आरेझ्झो शहराच्या वर, डोंगरात. तिथल्या सान रोक्को या छोट्या चर्चची किल्ली आमच्या घरात असते. आधी आई सांभाळायची, आता मी. आमच्या स्वयंपाकघराची आणि चर्चची भिंत एकच.

भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, वेदीच्या मागे, एक जुनं चित्र आहे. मरियामाता झगा पसरून उभी आहे आणि प्लेगला भ्यालेलं सगळं गाव त्या झग्याखाली दाटलंय. ते बघायला दर उन्हाळ्यात परदेशी मुलं यायची. कलेच्या इतिहासाचा तीन आठवड्यांचा वर्ग असायचा. प्रोफेसर तेबाल्दी त्यांना घेऊन यायचे.

त्या वर्षीच्या आठ जणांत फेमके होती. हॉलंडची, वीस वर्षांची. उंच, उन्हाने नाक सोललेलं. दोन हिवाळे बेकरीत पहाटेपासून राबून ती इथवर आली होती. झग्याखालचा एकेक चेहरा तिला कागदावर उतरवायचा होता. कुणीच ते केलं नव्हतं म्हणे.

"सिन्योरा, दुपारी तुमच्या गावात एक कुत्रंसुद्धा दिसत नाही हो," ती मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये म्हणायची. "सगळे मरतात की काय?"

"झोपतात. तूही झोप जरा. डोळे बघ कसे झालेत."

"झोपायला घरी आख्खं आयुष्य पडलंय."

आता एक गोष्ट आधी सांगायला हवी.

त्या भिंतीतून आवाज येतो.

लहानपणापासून ऐकतेय. कडक उन्हाळ्यात, भर दुपारी, गाव निजलं की...

ठक. ठक. ठक.

बंद चर्चच्या आतून.

आई सांगायची, प्लेगच्या साली आजारी माणसांना आत कोंडून बाहेरून दार लावलं होतं. तीच वाजवतात. आपण लक्ष द्यायचं नाही.

आम्ही देत नसू. सवय झाली होती.

त्या शुक्रवारी एक वाजता मी चर्च बंद करायला गेले. मुलं जेवायला गेलेली. चुलीवर पास्त्याचं पाणी उकळत होतं. मी दारातूनच हाक मारली, "आहे का कुणी?"

उत्तर आलं नाही.

वेदीच्या मागे जाऊन बघायला दहा पावलं लागली असती.

मी कुलूप लावलं.

जेवलो. खिडक्या लावून आडवे झालो. दोन वाजले असतील...

ठक. ठक.

नवऱ्याने, ओत्ताव्हियोने, डोळे उघडले. "आज जरा जोरात वाटतंय."

"नेहमीचंच आहे."

"लोरेदाना, बघून तरी ये."

"एवढ्या उन्हात? तूच जा."

तो कूस बदलून पडला. मीही पडून राहिले.

आवाज वाढत गेला. मग हातांनी बडवल्यासारखा. मग नखांसारखा...

सव्वादोनच्या सुमाराला एकदम थांबला.

मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. आणि झोप लागली.

चार वाजता मी दार उघडलं. बाहेर भट्टीसारखं ऊन होतं आणि आतून गार हवा अंगावर आली. तळघर उघडल्यावर येते तशी.

फेमके चित्रासमोर खुर्चीत बसली होती. मान खाली. मांडीवर वही. कानात गाणी ऐकायच्या त्या वायरी गळ्यात लोंबत होत्या.

"पोरी, तू आतच होतीस?"

ती हलली नाही.

मी तिच्या खांद्याला हात लावला... आणि मागे सरले.

तिच्यासमोर दुसरी खुर्ची होती. माझी. ती कायम दाराशी असते, तिच्यावर माझी उशी बांधलेली. ती इतकी जवळ ओढली होती की बसणाऱ्यांचे गुडघे गुडघ्यांना लागावेत.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वीस वर्षांच्या मुलीचं का, ते त्यांना सांगता आलं नाही. तिच्या बोटांना जखम नव्हती. दारावर ओरखडा नव्हता.

पोलिसांनी विचारलं, काही ऐकलंत का?

"झोपलो होतो," मी म्हणाले. ओत्ताव्हियो जमिनीकडे बघत राहिला. त्या दिवसापासून तो दुपारी घरी थांबत नाही. माझ्याशी त्याबद्दल एक शब्द बोललेला नाही.

तिचे वडील, डाउवे, सोमवारी आले. थोराड माणूस, दुधाच्या गाड्या चालवणारा. आमच्या स्वयंपाकघरात बसले, भिंतीला पाठ लावून. प्रोफेसर त्यांचं बोलणं मला सांगत होते.

मला वाटलं, आता हा माणूस मला विचारणार. मी सगळं कबूल करायचं ठरवलं होतं.

पण त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"ते तुमचे आभार मानतायत," प्रोफेसर म्हणाले.

"कशाबद्दल?"

"त्या दुपारी अडीच वाजता फेमकेचा त्यांना फोन आला होता. ती म्हणाली, चुकून कोंडली गेले होते, फार घाबरले. पण आता ठीक आहे. किल्लीवाल्या सिन्योरा आल्यात. माझ्याजवळ बसल्यात. माझा हात धरलाय..."

मी त्यांच्या पाठीमागच्या भिंतीकडे बघितलं.

डाउवे हळूच आणखी काही बोलले. प्रोफेसरांनी माझ्याकडे बघत सांगितलं, "ते म्हणतात, फोनमध्ये मागे एक बाई गुणगुणत होती. आत्ता तुम्ही बोललात आणि त्यांनी आवाज ओळखला."

"तुम्हीच होतात ना?" डाउवेंनी विचारलं. एवढं वाक्य ते इटालियनमध्ये शिकून आले होते.

त्यांचे डोळे बघून मी म्हणाले, "हो."

ते रडले. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

वर्ग पुढच्या वर्षीपासून दुसऱ्या गावी गेला. दर नाताळला डाउवेंचं इंग्रजीत पत्र येतं, पोस्टातल्या मुलीने ते वाचून दाखवलं की मी कपाटात ठेवते. प्रत्येक पत्रात तेच असतं. माझी मुलगी शेवटी एकटी नव्हती, हे तुमचे उपकार.

ती एकटी नव्हती, हे खरं आहे.

पण अडीच वाजता मी माझ्या पलंगावर होते...