दोन मशीनमध्ये अडकलेला मेल

शेवटच्या साध्या दिवशी बाबा रजेवर होते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत उतरून ते गाळ काढत होते आणि लेक वरून बादली ओढत होती.

"अगं, जोर लाव! वाचून वाचून हातातली ताकद गेली का?"

"बोलण्यापेक्षा बादली भरा, बाबा."

संध्याकाळपर्यंत दोघं चिखलात माखले होते.

दुसऱ्या सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी त्यांच्या केंद्रातली संगणकखोली उघडली. आग विझवायच्या सिलिंडरमधून रात्रभर श्वास कोंडणारा गॅस गळला होता. ते दोन पावलांत कोसळले, ते उठलेच नाहीत.

चौकशीचा निकाल लगेच लागला. 'सिलिंडरच्या झडपा सदोष आहेत, खोलीत जाऊ नका' असा मेल आदल्या दुपारी दुसऱ्या केंद्रातून इमारतीच्या व्यवस्थापकांना निघाला होता. तो पोचलाच नाही. तेव्हा मेल मशीनकडून मशीनकडे हातोहात जाई. कुणाचा कुणाकडे द्यायचा, हे केंद्रातल्या टपालाच्या मशीनमधलं रूटिंग टेबल, म्हणजे वाटांची यादी, ठरवी. ते टेबल बाबा सांभाळत. म्हणजे चूक त्यांचीच.

लेकीच्या अंगाचा तिळपापड झाला. पाठवणाऱ्याकडे परत गेलेला तो मेल तिने छापून मागवला आणि व्यवस्थापकांना घेऊन ती केंद्रप्रमुखांसमोर उभी राहिली.

"बस, बाळ."

"बाळ म्हणू नका. टेबल कोण बदलू शकतं?"

"तुझे बाबा."

"आणखी?"

"मी. पण मी कशाला हात लावू? रजेआधी त्यांनीच काहीतरी करून ठेवलं असणार."

"नाही साहेब," व्यवस्थापक म्हणाले. "त्या दिवशी सकाळी मला मेल येत होते. जेवणानंतर बंद झाले."

"आणि दुपारी बाबा माझ्यासमोर टाकीत होते. घरी फोनसुद्धा नाही." तिने कागद मेजावर आपटला. "प्रत्येक मशीन मेलवर आपला शिक्का मारतं. वाचा. टपालाचं मशीन, तुमचं मशीन, पुन्हा टपालाचं, पुन्हा तुमचं. पानभर! या व्यवस्थापक काकांनी वरिष्ठांकडे तुमची तक्रार केली होती. उत्तर काय येतं, ते तुम्हाला आधी वाचायचं होतं. म्हणून काकांचे मेल स्वतःकडे वळवलेत. पण तुमचं मशीन परक्याचा मेल टपालाच्या मशीनकडे ढकलतं, आणि ते तुमच्याच हुकमाने तो पुन्हा तुमच्याकडे. शेवटी फेऱ्यांची मर्यादा संपून रात्री मेल परत गेला. बाबा एक ओळ बदलली तरी चाचणीचा मेल टाकून बघायचे. तुम्ही बघितलं नाहीत. वर ते गेल्यावर सगळ्यांदेखत 'त्यांची चूक' म्हणून टेबल दुरुस्त केलंत!"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी फक्त वाचणार होतो. कुणी मरावं असं मला..."

"चौकशी करणाऱ्यांना सांगून निकाल आत्ता बदलून घेतो," म्हणत व्यवस्थापकांनी फोन उचलला. "ताई, बाबांचं नाव धुऊन निघेल."

तिला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. वाटलं नाही. इतके दिवस दातांमागे दाबून धरलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"त्यांच्याऐवजी दुसरं कुणीही मेलं असतं तरी मला चाललं असतं. तुम्हीसुद्धा, काका."