शनिवारची पंगत

या, असे पुढं सरका. सतरंजी मोकळी आहे. दृष्टांत सांगण्याआधी बुवा घोटभर पाणी पितात ना, तेवढाच धीर धरा, मग एक गोष्ट सांगते. गोष्ट प्रेमाची आहे, लाजू नका. तिच्यात एक अर्ज आहे, आठशे माणसांचं जेवण आहे आणि देव तर आहेच. तो कुठल्या गोष्टीत नसतो?

शिरूरच्या एसटी स्टँडासमोर एक ई-सेवा केंद्र आहे. श्रावणातल्या एका गुरुवारी, भुरभुर पाऊस चुकवत, ओढणीखाली कागदांची पिशवी धरून स्नेहल तिथं शिरली. न्हावऱ्याकडच्या एका खेड्यातली ही माळ्याची पोर. दौंडच्या कॉलेजात एम.एस्सी.ला तिचा नंबर लागला होता. पण फी आणि वसतिगृह घरच्या वीस गुंठे फुलांच्या आवाक्यात नव्हतं. शिष्यवृत्तीचा अर्ज पुढच्या गुरुवारपर्यंत भरला तर सीट राहणार, नाहीतर सोडायची.

काउंटरमागं सत्यजीत बसला होता. पाटसचा पोरगा. पाबळला शिकून इथं दुकान थाटलेला. त्यानं अंगठ्याचं मशीन पुढं सरकवलं. एकदा, दोनदा, तीनदा... मशीन काही ओळख दाखवेना.

"बोटांना काय लावलंय?"

"झेंडू. सकाळी चार पाट्या तोडून आलेय."

"मशीनला झेंडू कळत न्हाई."

"मग मशीन अडाणी हाय."

तो हसला. ओलं फडकं पुढं करून म्हणाला, "विषय कुठला घेतलाय?"

"वनस्पतिशास्त्र."

"म्हंजी आजवर फुलं तोडली, आता फुलं शिकणार?"

"तुम्ही फॉर्म भरता का पंचाईत करता?"

"पंचाईत फॉर्मच करतो. मी नुसती वाचून दाखवतो... वडिलांचं नाव?"

"हौसराव."

कीबोर्डवरची त्याची बोटं एकदम थांबली. "सप्त्याला वीणेचा चौथरा सजवतात, ते?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझ्या आईचं माहेर तुमचंच गाव," तो म्हणाला, आणि पुढं काहीतरी सांगता सांगता गिळून बसला. स्नेहलनं पाहिलं... त्याचे कान लाल झाले होते.

सगळे कागद लागले. राहिला फक्त उत्पन्नाचा दाखला. त्याचा अर्ज तिनं आधीच दिला होता, गावच्या तलाठ्याचा अहवाल तेवढा बाकी होता. "तो आला की एका मिनिटात भरू," सत्यजीत म्हणाला, आणि पाऊस थांबलेला असूनही तिला स्वतःची छत्री दिली. तिनं ती घेतलीही. का घेतली, याचा विचार ती न्हावऱ्यापर्यंत करत होती.

दुसऱ्या दिवशी ती तलाठ्याकडं गेली. भाऊसाहेब माणूस भला, पण ताकही फुंकून पिणारा. त्यांनी समोरच्या भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं महिन्यापूर्वी झालेल्या हरिनाम सप्ताहाची पत्रिका डकवलेली होती. कीर्तनकारांच्या नावांखाली अन्नदात्यांची नावं होती. शनिवारच्या पंगतीपुढं छापलं होतं, श्री. हौसराव.

"ताई, आठशे पानं उठवणारा माणूस, आन् दाखल्यावर उत्पन्न एवढंसं? उद्या कुणी तक्रार केली तर मी काय सांगू? ही पंगत तुमची न्हाई असं सप्त्याच्या अध्यक्षांकडून लेखी आणा. लगेच सही करतो."

स्नेहल घरी आली. "आबा, शनिवारची पंगत आपण दिली?"

हौसराव शेवंतीला पाणी देत होते. हातातलं खोरं टेकवून ते आत गेले आणि देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागून घडी घातलेली पत्रिका घेऊन आले. हळदीकुंकू लावलेली!

"आपुन कुठनं देणार, बाय? पर नाव छापून आलं. मला वाटलं, ईस वर्सं फुलं बांधली, पंचांनी मान दिला आसंल. इचारायचं धाडस झालं न्हाई... इचारलं आन् पुसलं तर?"

तिनं पत्रिका हातात घेतली. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात छपाई करणाऱ्याचं नाव होतं. शिरूरचं तेच दुकान.

शनिवारी सकाळी तिनं छत्री आणि पत्रिका दोन्ही काउंटरवर ठेवली. "ही तुम्ही छापली?"

सत्यजीतचा चेहरा उतरला. "मीच. शनिवारचा दाता म्हणाला होता, नाव नको. ओळ रिकामी दिसत होती. पत्रिकेत रिकामी ओळ म्हंजी पंगतीत रिकामं पान. आन् इतकी वर्सं फुलं देणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं... म्हणून टाकलं. चांगलं वाटलं."

"तुम्हाला चांगलं वाटलं! आणि भोगायचं आम्ही? दाता कोण?"

तो खाली बघत म्हणाला, "गुप्तदान हाय ते. उघडं केलं की पुण्य जातं म्हणतात."

"आणि झाकलं की माझी सीट जाते," स्नेहल म्हणाली आणि पत्रिका उचलून तडक निघाली. छत्री तिथंच राहिली. पाऊस नेमका तेव्हाच आला.

रविवारी बापलेक देवळात गेली. सप्त्याचे अध्यक्ष म्हणजे गोकुळआप्पा, गावातलं जुनं खोड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पोरी, लिहून कसं देऊ? दान पेटीत पाकिटातनं आलं. कुणी टाकलं, मलाबी ठावं न्हाई. पत्रिकेत हौसरावचं नाव दिसलं, मला वाटलं त्येनंच टाकलं आसंल."

"पण आबा स्वतः सांगतायत, आम्ही न्हाई दिलं."

"अगं, गुप्तदान देणारा कवा 'मीच दिलं' म्हणतो का? त्योबी न्हाईच म्हणणार!"

हौसराव खांबाला टेकून बसले. स्नेहल वीणेच्या रिकाम्या चौथऱ्याकडं बघत राहिली. दौंडच्या वर्गातला पहिला बाक तिनं मनात किती वेळा पुसून ठेवला होता...

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. नखशिखांत भिजलेला सत्यजीत, बगलेत ती छत्री मिटलेलीच, पायरीला हात लावून आत आला.

"आप्पा, पाकिटात एक चिठ्ठी होती. तिच्यात काय लिहिलं होतं, ते सांगू?"

आप्पांनी चमकून पाहिलं. "सांग."

"वाढणाऱ्याचं तोंड दिसू नये, हात दिसावा."

आप्पांनी कपाटातली पोथी काढली, पानांतली चिठ्ठी उलगडली, डोळ्यांजवळ नेली. अक्षर न् अक्षर तेच.

"माझी आई म्हणायची असं," सत्यजीत म्हणाला. "सिंधूबाई. ह्याच गावची लेक. दर सप्त्याला पाटसहून यायची, पदर खोचून पंगतीत वाढायची. दोन वर्सं झाली तिला जाऊन. दुकानाची पहिली कमाई हाताशी आली, तवा तिच्या नावानं एका दिवसाची पंगत घातली."

"सिंधूचा पोरगा तू!" आप्पांनी चिठ्ठी कपाळाला लावली. "पर लेकरा, उघडं केलंस. पुण्य गेलं की रं."

"जाऊ द्या, आप्पा. पंगतीत एक पान रिकामं दिसलं तर आई जेवायला बसत नव्हती."

हे म्हणताना त्यानं स्नेहलकडं पाहिलं. तिनं नजर वळवली नाही. वळवावी असं तिला वाटलंच नाही.

मग तो हौसरावांच्या पायाशी वाकला. "आबा, न विचारता तुमचं नाव टाकलं. चूक झाली."

"चूक कसली रं!" हौसराव हसले, पण डोळे भरले होते. "महिनाभर शिरीमंतावानी झोपलो बघ."

आप्पांनी लिहून दिलं. सोमवारी भाऊसाहेबांनी अहवाल पाठवला. दाखला गुरुवारी दुपारी आला आणि शेवटच्या तासात अर्ज गेला. त्या दिवशी मशीननं स्नेहलचा अंगठा एका दमात ओळखला.

"शिकलं वाटतं तुमचं मशीन," ती म्हणाली.

"चार पाट्या झेंडू रोज बघायची सवय लावली असती... तर लवकर शिकलं असतं."

ती ओठांत हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुमचं पुण्य गेलं माझ्यापायी."

"हिशेब देवाकडं. मला एवढंच कळतं... गेलं, तरी काही गेल्यासारखं वाटत न्हाई."

गणपती उठले आणि यादी लागली. तिचं नाव होतं. दौंडच्या गाडीत बसवायला आबा आले होते, आणि रस्ता ओलांडून सत्यजीतही.

"मी शनिवारी घरी पाटसला जातो," तो खिडकीशी म्हणाला. "दौंडवरून."

"दौंडवरून? पाटस चौफुल्यावरून जवळ पडतं."

"जवळ पडतं... पण मला आता दौंडवरूनच बरं वाटतं."

कंडक्टरनं घंटी मारली. स्नेहलनं खिडकीतून हात बाहेर काढून झेंडूचं एक फूल त्याच्या तळहातावर ठेवलं. "मग शनिवारी छत्री आणा," ती म्हणाली. "एकच आणा."

गाडी वळणाआड गेली. आबा मुद्दाम दुसरीकडं बघत उभे होते. बापाला सगळं कळतं हो, पण तोही कधी गुप्तदान करतो.

घरी जाऊन त्यांनी तसबिरीमागची पत्रिका काढली. पेनानं स्वतःचं नाव खोडलं, आणि शनिवारच्या ओळीत हळूहळू, एकेक अक्षर जुळवत लिहिलं, सिंधूबाई. मग पुन्हा कुंकू लावून ती होती तिथं ठेवली.

तर मंडळी, पोरांचं पुढं काय झालं ते पोरांना ठाऊक. माझं मागणं एवढंच. कधी पंगतीत बसलात, आणि मान वर न करता पानात भाकरी पडलेली दिसली, तर पहिला घास मोडण्याआधी त्या पाटसच्या सिंधूबाईची आठवण काढा. तोंड तिचं तुम्ही पाहिलेलं नाही. हात पाहिला आहे.